गाठीला कुणी विचारलंच नाही

लातुरात निकाल लागला की पेढे येतात. इथं निम्मं गाव परीक्षा देतं आणि उरलेलं निम्मं शिकवतं, त्यामुळे पेढेवाल्यांचं बरं चाललेलं असतं. पण कुत्रीच्या रक्ततपासणीच्या निकालाचे पेढे माझ्या टेबलावर आले ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

"घे पोरी, तोंड गोड कर," सर म्हणाले. "पास झाली."

सर म्हणजे माझे बारावीचे फिजिक्सचे सर. मी मूळची नांदेडची. दहावीला बरे मार्क पडले म्हणून घरच्यांनी बॅग भरून मला लातूरला आणून टाकलं, तेव्हा आमच्याकडच्या सगळ्याच बऱ्या मार्कांच्या पोरींना टाकत होते तसं. माणसांची डॉक्टर व्हायचं होतं. मार्क जरा कमी पडले आणि उदगीरला जाऊन मी जनावरांची डॉक्टर झाले. त्याचं मला आता काही वाटत नाही, पण सर अधूनमधून आठवण करून देतात. माणसांचे डॉक्टर त्यांनी गावाला ढिगानं दिलेत. जनावरांची मी एकटीच. म्हणून त्यांची कुत्री माझ्याकडं येते.

कुत्री लॅब्रेडोर, पिवळसर, नवव्या वर्षात. सरांच्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हौसेनं पिल्लू आणलेलं. पुढं बाई कर्करोगानं गेल्या, मुलगा परदेशात स्थिरावला, आणि त्या घरात सरांशिवाय बाईंना ओळखणारं एवढं एकच जनावर उरलं. तिला घरात 'पोरगी' म्हणतात. सर मलाही पोरीच म्हणतात. त्यामुळे हाक मारली की आम्ही दोघी एकदम वळून बघतो आणि आमचे कंपाउंडर चाचा मनापासून हसतात.

चाचांनी तोवर एक पेढा तोंडात टाकलाही होता. मी मात्र हात पुढं केला नाही.

"सर, आधी तिला टेबलावर घ्या," मी म्हटलं.

"अगं, रिपोर्ट तर बघ! साफ आलाय."

रिपोर्ट मी बघितला. छान गुळगुळीत कागद होता, हिरव्या रंगात. मग मी खाली बसून पोरगीच्या मागच्या उजव्या मांडीवरून हात फिरवला. गाठ होती तिथंच होती. मागच्या वेळी तुरीच्या दाण्याएवढी लागली होती, आता बोराएवढी लागली.

ही गाठ मीच शोधली होती, लस द्यायला आणली होती तेव्हा. लस टोचायच्या आधी सबंध अंगावरून हात फिरवायचा ही माझी सवय. लोकांना वाटतं डॉक्टरीणबाई लाड करतात. लाडही करते, पण बोटं आपलं काम करत असतात. गाठ लागली तशी मी सरांना म्हटलं, बारीक सुई लावून यातल्या पेशी काढू, काचेवर पसरू, सूक्ष्मदर्शकाखाली बघू. आत्ताच कळेल.

सरांनी पोरगीला एकदम जवळ ओढलं. "न्हाई. सुई न्हाई."

"का?"

"गाठ छेडायची नसते. छेडली की पसरते."

आमच्याकडं हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. शेतकरी म्हणतो, प्राध्यापक म्हणतो, लुगड्यातली आजी म्हणते आणि गाडीतून उतरणारी सूनही म्हणते. माणसाच्या गाठीला म्हणतात तेच म्हशीच्या गाठीला. गाठ झाकून ठेवायची, लेप लावायचा, कुणी काही दिलं तर बांधायचं, पण सुई लावू द्यायची नाही. काही मोजक्या जागच्या गाठींना आम्ही खरंच सुई लावत नाही, आणि त्या कुठल्या ते आम्हाला शिकवलेलं असतं. मांडीच्या कातडीवरची गाठ त्यातली नव्हे. हे मी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पोरगीला घेऊन घरी गेले.

तेवढ्यात गावात ती रक्ताची तपासणी आली. कंपनीचा माणूस माझ्याकडंही येऊन गेला. टाय घातलेला, बोलायला गोड. कुत्र्याचं थोडं रक्त घ्यायचं, मोठ्या शहरात पाठवायचं, आणि कर्करोगाच्या पेशींतून सुटून रक्तात उतरलेल्या खुणा सापडतात का ते तिथले लोक बघतात. "मॅडम, प्रत्येक कुत्र्याचं वर्षातून एकदा करायला सांगा," तो म्हणाला. "तुमचंही भलं, त्यांचंही भलं."

मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, प्रत्येकाचं करणार नाही.

तपासणी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. काही कर्करोग आत खोल असतात, बोटाला लागत नाहीत, सुई पोचत नाही, आणि त्यांच्या खुणा रक्तात लवकर उतरतात. उदगीरच्या एका आडत्यांचा म्हातारा जर्मन शेफर्ड असाच वाळत चालला होता. हाताला काही लागेना, सोनोग्राफीत काहीतरी अंधुक दिसे, पण नक्की काय ते कळेना. त्यांना मी स्वतः म्हटलं, रक्त पाठवू. पण सुई हातात घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारला, जो मी आता सगळ्यांना विचारते: वाईट आलं तर पुढं काय करणार? ते म्हणाले, "पोट उघडा, डॉक्टरीणबाई. मी तयार हाय." मग मी रक्त घेतलं. त्याचा आम्हाला उपयोग झाला.

ज्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही त्याच्या कुत्र्याचं मी रक्त घेत नाही. धडधाकट कुत्र्यात कधीकधी उगीचच खूण सापडल्यासारखी दिसते. मग माणूस जेवण सोडतो, कुत्र्याच्या गळ्यात पडून रडतो, गावभर तपासण्या करत हिंडतो आणि शेवटी काही निघत नाही. मोठ्या वयाचं कुत्रं, ज्या जातीत हा आजार फार दिसतो त्या जातीचं, आणि पुढच्या तपासण्यांना तयार असलेला मालक, एवढं जुळलं तर मी पाठवते. आणि ज्याच्या अंगावर गाठ समोर दिसतेय, त्याचं रक्त गाठीऐवजी पाठवायचं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. हे मी त्या टायवाल्यालाही सांगितलं. म्हण त्याला कळली नसावी, पण नंतर तो माझ्याकडं आला नाही.

सरांकडं मात्र तो गेला. सर कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर आहेत, तिथं त्यांनी वाचलं आणि त्यांना वाट सापडली. रक्त पुढच्या पायातून निघतं, गाठीला कुणी हात लावत नाही, म्हणजे छेडायचा प्रश्नच नाही. घरी माणूस येऊन रक्त घेऊन गेला. निकाल यायला वेळ लागला, आणि गाठीनं तो वेळ वाया घालवला नाही.

तर असे ते पेढे माझ्या टेबलावर आले.

"सर, रिपोर्ट चांगला आलाय, पण गाठ वाढलीय," मी म्हटलं. "आज सुई लावू या."

"कागदावर काय लिहिलंय ते वाच की."

"वाचलं. रक्तात खूण सापडली नाही एवढंच लिहिलंय. कातडीवरच्या अशा गाठी रक्तात फारशा बोलतच नाहीत."

"तुझंच खरं करायलीस."

"माझं नाही सर, गाठीचं."

बाकावर बसलेली माणसं मान वळवून बघायला लागली. चाचांनी पेढा पटकन गिळला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. सरांचा आवाज चढला, वर्गात चढायचा तसा.  पण पोरगी माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती आणि तिची ती मांडी माझ्या हाताखाली होती, म्हणून मी हटले नाही.

"तुला काय माहीत गं?" सर म्हणाले. "आमच्या बाईंच्या छातीतल्या गाठीला सुई लावली. तोवर चालती फिरती होती, स्वयंपाक करत होती. सुई लावली आणि बिछान्याला खिळली. मग गेलीच. माझ्या डोळ्यांदेखत झालंय हे. आता हिलाही लावू म्हणतीस?"

मला त्यांच्या बाई आठवत होत्या. आम्ही पोरी रविवारी शंका विचारायला घरी गेलो की त्या पोहे द्यायच्या. आणि मला हेही ठाऊक होतं, कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की त्यांनी ती गाठ पदराआड फार दिवस ठेवली होती. आधी लेप झाले, मग कुणाच्या तरी हातचं औषध झालं, आणि सगळं थकल्यावर दवाखाना. हे बोलावं की बोलू नये, याचा विचार करायला मला वेळ मिळाला नाही. मी बोलून गेले.

"सर, सुईनं पसरलं नाही. सुई उशिरा लागली."

 सरांनी पट्टा हातात घेतला आणि पोरगीला घेऊन गेले. पेढ्यांचा डबा टेबलावरच राहिला. चाचा आत येऊन म्हणाले, "मॅडम, लई कडक बोललात." मी म्हटलं, हो. मला वाईट वाटत होतं, फार वाईट, पण शब्द परत घ्यावेसे वाटत नव्हते. ती गाठ आता बोराएवढी होती आणि माझ्या माफी मागण्यानं ती लहान होणार नव्हती.

त्या आठवड्यात सरांचा फोन आला नाही. मी केला तर उचलला नाही. माझ्या नवऱ्यानं सल्ला दिला की तू तुझं सांगितलंस, आता ते जाणोत. हा सल्ला शहाणा होता आणि मी तो मानला नाही. कुत्री सरांची असली तरी पेशंट माझी आहे. रविवारी सकाळी मी सुई, काचा, इंजेक्शनचं सामान पिशवीत टाकलं, वर पेढ्यांचा डबा ठेवला आणि त्यांच्या घरी गेले. डबा परत करायचं निमित्त होतं.

दार उघडंच होतं. सर पेपर वाचत बसले होते. पोरगी माझी चप्पल तोंडात धरून घरभर फिरून आली. "बस," सर म्हणाले, पेपरातून डोकं न काढता.

मी बसले. काय बोलायचं ते वाटेत ठरवून आले होते.

"सर, बारावीच्या सराव परीक्षेत तुम्ही माझे मार्क कापले होते. आठवतंय?"

"लई जणांचे कापलेत."

"माझं उत्तर बरोबर होतं. आकडेमोड बरोबर होती. तरी भोपळा दिलात. मी भांडायला आले होते."

सरांनी पेपर खाली घेतला. "प्रश्न दुसराच सोडवला असशील."

"हो. तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालात, उत्तर लई सुंदर आहे, पण हे तुला विचारलं कुणी? प्रश्न आधी वाच, मग पेन उचल."

"मग? बरोबरच म्हणालो."

"तेच मी तुम्हाला म्हणायला आलेय. रक्ताला विचारलं, अंगात कुठं काही खूण आहे का. ते म्हणालं, मला सापडली नाही. उत्तर बरोबर असेल. पण आपला प्रश्न तो नव्हताच. आपला प्रश्न होता, ही गाठ कसली आहे. आणि गाठीला कुणी विचारलंच नाही."

सरांनी पोरगीकडं बघितलं. ती त्यांच्या पायांवर डोकं टाकून पडली होती, माझी चप्पल अजून तोंडात. सरांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. भीती दिसली, आणि इतकी उघडी की मला माझी नजर वळवावीशी वाटली.

"आणि वाईट निघालं तर?" त्यांनी विचारलं.

"तर कापून काढू. आत्ता काढता येतीय. उद्या येईल की नाही सांगता येत नाही."

"सुजंल ती. छेडली की."

"सुजेल, सर. ही गाठ मला वाटतीय त्या जातीची असली तर सुई लावल्यावर लाल होईल, थोडी फुगेल. आत्ताच सांगून ठेवते. त्यासाठी आधी एक इंजेक्शन देणार आहे. फुगली म्हणजे पसरली असं नाही. गांधीलमाशी चावल्यावर फुगतं तसलं ते फुगणं."

सर उठले, आतून एक जुनी चादर आणली आणि दारापुढच्या ओट्यावर अंथरली. चादर बाईंची असावी, तिच्या काठाला हातानं विणलेली नक्षी होती. मी चाचांना फोन करून बोलावते म्हटलं, धरायला कुणीतरी लागतं. सर म्हणाले, "नको. मी धरतो."

त्यांनी पोरगीचं डोकं छातीशी घेतलं. मी इंजेक्शन दिलं, थोडं थांबले, गाठ दोन बोटांत धरली आणि सुई लावली. पोरगीनं कान हलवला. बाकी काही नाही. मी काचेवर थेंब उडवला, पसरवला, पुन्हा एकदा लावली आणि सुई बाजूला ठेवली.

"झालं, सर."

"एवढंच?"

"एवढंच."

सरांनी पोरगीला सोडलं नाही. तिच्या मानेत तोंड घालून तसेच बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "तिलाही एवढंच झालं असंल?"

"साधारण असंच. जरा जास्त दुखलं असेल. पण असंच."

"मला आत ये म्हणले होते डॉक्टर. मी गेलो न्हाई. बाहेर बाकावर बसून राहिलो."

 मी काचा डबीत ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. मग चहा मीच केला, कारण साखर कुठं असते ते मला पूर्वीपासून माहीत होतं.

दुपारी त्यांचा फोन आला. "सुजलीय गं. लाल झालीय."

"सांगितलं होतं ना, सर."

"हाव, सांगितलं होतंस. म्हणून तर फोन केलाय, न्हाईतर पळत आलो असतो."

तोवर मी दवाखान्यात येऊन काचा सूक्ष्मदर्शकाखाली लावल्या होत्या. जांभळ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या गोल पेशी, सगळीकडं. कुत्र्यांच्या कातडीत नेहमी सापडणारा कर्करोग, वेळेवर कापला तर बरा होणारा आणि रेंगाळला तर आतल्या लसिकाग्रंथींत उतरणारा. मी सरांना फोनवरच सांगितलं. लपवाछपवी केली नाही. ते म्हणाले, "कधी आणू?" त्या दोन शब्दांनी माझ्या अंगातला सगळा ताण उतरला आणि मी खुर्चीत बसून चक्क रडले. चाचांनी पाणी आणून दिलं.

ऑपरेशनच्या आधी जांघेत सगळ्यांनाच असते त्या लसिकाग्रंथीलाही सुई लावली, पोटाची सोनोग्राफी केली. पुढं कुठं गेलेलं दिसलं नाही. मग मी भोवतालची बरीच कातडी घेऊन, खालच्या पडद्यासकट ती गाठ काढली. तपासायला पाठवली. कडा स्वच्छ आल्या, म्हणजे मागं काही उरलं नव्हतं. पोरगी काही दिवस गळ्यात प्लास्टिकचा तो फनेल घालून सगळ्या दारांना धडकत हिंडली आणि टाके निघाल्यावर माझ्यावर चिडून माझीच चप्पल पळवून नेली.

सरांनी नंतर एकदा विचारलं, आता दर काही महिन्यांनी ते रक्त पाठवायचं का, परत येतंय का बघायला. विद्यार्थ्यानं चांगला प्रश्न विचारला की शिक्षकाला होतो तसा मला आनंद झाला. म्हटलं, काहींच्या बाबतीत उपयोग होतो, सर. पण हिच्या अंगात गाठ असतानाच रक्तात काही दिसलं नव्हतं, तर पुढं ते नाही म्हणालं तरी आपण त्यावर किती विसंबणार? हिला हातच लावत राहायचा. सर म्हणाले, "बरोबर हाय. पूर्ण मार्क." मला त्यांच्याकडून हे बारावीत ऐकायचं होतं. उशिरा का होईना, मिळालं.

आता ते ठरल्या वेळी पोरगीला हात लावून घ्यायला येतात. परवा असेच बाकावर बसले होते. शेजारी एक बाई पॉमेरेनियन मांडीवर घेऊन बसल्या होत्या, रेणापूरहून आलेल्या, शाळेत शिक्षिका. कुत्र्याच्या बरगडीवर गाठ होती. मी सुईचं नाव काढलं तशा त्यांनी त्याला पदरात घेतलं.

"सुई नको हो डॉक्टर. ते रक्ताचं करा ना. गाठीला सुई लावली की पसरते म्हणायलेत सगळे."

मी तोंड उघडलं होतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायची माझी तयारी असते, रोज असते. पण त्याआधी सर बोलले.

"न्हाई पसरत, बाई. मीबी तसंच म्हणायचो. एकदा घरात उशीर केला. दुसऱ्यांदा ह्या डॉक्टर पोरीनं करू दिला न्हाई." त्यांनी पोरगीचा पट्टा चाचांच्या हातात दिला, उठले आणि बाह्या वर सारल्या.

"आणा इकडं," ते म्हणाले. "मी धरतो. तुम्हीबी आत या, बाहेर बसू नका."